तिघं, तीन सायकली आणि कालव्याचं पाणी: एका डिसेंबर फेरीचं प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापुरातल्या आमच्या सायकल गटातल्या तिघांनी डिसेंबरात पाच दिवसांची फेरी काढली. ती चौथ्या दिवशी कुर्डूवाडीत संपली. का संपली, मध्ये कोणकोणते निर्णय घेतले आणि जानेवारीत पुन्हा निघताना काय बदललं, ते इथे लिहितो आहे. नावं टाळली आहेत. गटात आम्ही एकमेकांना जशी हाक मारतो तशीच इथे ठेवतो. सर पन्नाशीचे, माध्यमिक शाळेत भूगोल शिकवतात. ताई परिचारिका. मी टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर, तिघांत धाकटा. सामान आणि पाणी या दोन्हींची जबाबदारी माझ्याकडे होती, म्हणून हे लिहिण्याचं कामही माझंच.

तुळजापूर, अक्कलकोट असे एका दिवसाचे फेरे आम्ही बरेच केले होते. रात्री उघड्यावर मुक्काम मात्र सर सोडून कुणीच केला नव्हता. सर आषाढीला वारीत चालतात.

वाट अशी ठरली: सोलापूरहून मंद्रूपमार्गे हत्तरसंग कुडल, तिथून मंगळवेढा, मग पंढरपूर करून टेंभुर्णीच्या बाजूला उजनी धरणाचा काठ, पुढे कुर्डूवाडी, बार्शी आणि वैराग-नान्नजवरून परत. सगळं मिळून सुमारे 300 किलोमीटर. पहिला मुक्काम कुडलला हा सरांचा हट्ट होता. भीमा-सीनेच्या संगमावरच्या त्या देवळात शके 940 म्हणजे 1018 सालचा मराठी शिलालेख आहे. तो वाचून मगच पुढे जायचं, असं ते म्हणाले.

सोलापूरकराला पाणी साठवायला शिकवावं लागत नाही. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, हौद, पिंप, कळश्या सगळं भरून ठेवायचं, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं. त्यामुळे पाण्याचं आपल्याला कळतं असा माझा समज होता. पण साठवलेलं पाणी जपून वापरणं वेगळं आणि वाटेत दिसलेलं पाणी पिण्याजोगं आहे का हे ओळखणं वेगळं. हा फरक माझ्या लक्षात यायला कुर्डूवाडी गाठावी लागली.

अडचण

निघायच्या आठवडाभर आधी तिघांचं सामान ओळखीच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवलं. पाणी सोडून माझं 17.6 किलो भरलं, ताईंचं 14.2, सरांचं 9.8. त्यावर तीन लिटर पाणी म्हणजे तीन किलो आणखी. माझ्या हायब्रिड सायकलच्या मागच्या चाकाला 32 तारा आहेत. सरांची जुनी दांडीची सायकल, मागे 40 तारा, लोखंडी कॅरिअर. ओझं वाहायला सगळ्यात योग्य सायकल ज्याची, त्याचंच सामान सगळ्यात कमी होतं.

वजन आणि पाणी हे मी दोन वेगळे विषय धरले होते. वहीत दोन वेगळी पानं होती. खरं तर सोलापूरच्या माळावर ती एकच गोष्ट आहे. पुढचं पाणी कुठे आहे हे माहीत नसेल तर सहा लिटर वाहावं लागतं, माहीत असेल तर दोन लिटर पुरतं. तंबूत 400 ग्रॅम वाचवायला मी आठ दिवस घालवले आणि हे चार किलो हिशेबात धरलेच नाहीत.

पहिला निर्णय: कशात झोपायचं

तीन पर्याय होते. माझ्याकडचा दोघांचा घुमटाकार तंबू, 3.1 किलो. ताडपत्री आणि मच्छरदाणी, मिळून सव्वा किलोच्या आत. आणि सरांचा मार्ग, म्हणजे देवळाचा सभामंडप नाहीतर शाळेचा व्हरांडा, अंगाखाली वळकटी, विषय संपला.

सरांचं म्हणणं वजनाच्या दृष्टीने बिनतोड होतं. ते ताईंनी मोडून काढलं. त्यांनी वॉर्डात मण्यार चावलेले रुग्ण पाहिले आहेत. मण्यार रात्री बाहेर पडते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, चावल्याचं धड कळतही नाही. सूज नाही, फारशी वेदना नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, आणि मग श्वास. "सर, वारीत तुमच्याभोवती हजार माणसं असतात, उजेड असतो, आवाज असतो. उसाच्या फडाशेजारी आपण तिघंच असणार," त्या म्हणाल्या. माझ्या मते सगळ्या फेरीतला हा सर्वांत चांगला निर्णय होता. खाली शिवलेला तळ आणि पूर्ण बंद होणारी चेन नसेल तर आमच्या भागात जमिनीवर झोपू नये. वजन कितीही वाचत असो.

ताईंसाठी एकटीचा जाळीचा तंबू घेतला, 1.1 किलो. सर आणि मी माझ्या तंबूत. त्याचं बाहेरचं पावसाचं कापड मी काढून ठेवायला हवं होतं. अवकाळीच्या भीतीने घेतलं आणि सगळ्या फेरीत ते पिशवीतून बाहेर आलं नाही.

बाकीचं सामान

पांघरुणाची चूक माझ्या गावाच्या नावालाच धरून झाली. स्लीपिंग बॅग 1.6 किलो, आणि थंडी वाजली तर म्हणून वर सोलापुरी चादर 1.2 किलो. दोन्ही घेतल्या. आपल्याकडे डिसेंबरात रात्री बहुधा 12 ते 16 अंश असतात, क्वचित त्याखाली जातात. चादर, स्वेटर आणि पायमोजे यात भागतं. सुती चादर ओली झाली की वाळत नाही, हा तिचा खरा दोष. पण कोरड्या हवेत, सकाळी दहाच्या उन्हात दवाने भिजलेली चादर तासाभरात वाळते, हे पाहिलं.

अंथरुणाबाबत मात्र वजन कमी करण्याच्या नादात फसलो. हवा भरायची चटई घेतली, 480 ग्रॅम, घडी केली की पाण्याच्या बाटलीएवढी. कुडलला पहिल्याच रात्री तिच्यात सराटा घुसला. ज्या माळावर सराटे आणि वेड्या बाभळीचे काटे टायरला सोडत नाहीत, तिथे चटईला काय सोडणार! सरांची फोमची पट्टी कॅरिअरवर उघडीच बांधलेली होती, 350 ग्रॅम. काटा लागला तरी तिला काही होत नाही.

तंबूच्या ॲल्युमिनियमच्या खुंट्या मुरमात वाकल्या. काळ्या रानात उलट अडचण. वरून भेगाळलेली माती खुंटी धरतच नाही. दोन्हीकडे उपयोगी पडला तो आपला दगड. तंबू स्वतःच्या काड्यांवर उभा राहणारा असेल तर चार कोपऱ्यांत आतून सामान आणि बाहेरून दोन धोंडे पुरतात. सायकल आडवी टाकून तिलाही दोरी बांधता येते.

स्टोव्ह, गॅसचा छोटा डबा आणि भांडी मिळून 1.4 किलो झाली. पाच दिवसांच्या हिशेबाने घेतली आणि दोनदा चहा केला. त्याच वेळी सरांच्या पिशवीत कडक भाकरीची चवड, शेंगाची चटणी आणि गुळाचा खडा होता. कडक भाकरी महिनाभर टिकते, पाणी नाही, आच नाही, वजन नगण्य. गिर्यारोहकांचं सुकं अन्न मी इंटरनेटवर शोधत होतो, आणि ते आमच्या पेठेत कापडात बांधून मिळत होतं. एकच लक्षात ठेवायचं: भाकरी कोरडी आणि चटणी खारट, त्यामुळे पाणी जास्त लागतं. तो भार पाण्याच्या हिशेबात धरावा लागतो.

दुसरा निर्णय: पाणी कसं पक्कं करायचं

आमच्यात दोन शब्द रुळले, कच्चं पाणी आणि पक्कं पाणी. पक्कं म्हणजे प्यायला चालेल असं. ते करण्याचे मार्ग आम्ही असे तोलले.

उकळणं. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर आहे. इतक्या उंचीवर पाण्याला खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे, आजार पसरवणारे जंतू मरतात. खात्रीचा उपाय. पण तिघांना दिवसाला पाच-पाच लिटर धरले तर चार दिवसांत 60 लिटर होतात. 230 ग्रॅमच्या गॅसच्या डब्यात पंधरा-सोळा लिटर उकळतं. हिशेब बसेना.

पिळून वापरायचा फिल्टर. आत पोकळ तंतू, छिद्रं 0.1 मायक्रॉनची. जिवाणू आणि जिआर्डियासारखे पोट बिघडवणारे मोठे परजीवी अडतात. विषाणू अडत नाहीत. नोरो किंवा हिपॅटायटिस ए यांचा विषाणू 0.03 मायक्रॉनच्या आसपास असतो, सरळ आरपार जातो. पाण्यात विरघळलेले क्षार, फ्लोराइड, नायट्रेट, शेतातली औषधं, यांनाही हा फिल्टर अडवत नाही. वजन 90 ग्रॅम आणि पाणी लगेच मिळतं. मी याच्यावर भाळलो.

क्लोरीनच्या गोळ्या. आरोग्य केंद्रातून मेडिक्लोरची बाटली मिळते तसलाच प्रकार, फक्त गोळीच्या रूपात. जिवाणू आणि विषाणू दोन्ही मारतात. क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या परजीवीपुढे मात्र हात टेकतात. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन त्या गाळातच खर्च होतं, म्हणून आधी गाळून घ्यायचं. गोळी टाकल्यावर अर्धा तास थांबायचं. सरांनी हा मार्ग धरला. "पुरात गावाला हेच देतात ना, मग आपल्याला का चालू नये?" असं त्यांचं साधं म्हणणं.

ऊन. स्वच्छ, पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत नितळ पाणी भरून कडक उन्हात सहा तास आडवी ठेवायची. ढगाळ असेल तर दोन दिवस. उन्हाची आपल्याकडे टंचाई नाही, पण चालत्या सायकलवर सहा तास कोण थांबणार म्हणून सोडून दिलं.

गावातलं फिल्टरचं पाणी. आता बहुतेक मोठ्या गावांत पाण्याचं एटीएम असतं, पाच-दहा रुपयांत वीस लिटरचा जार. मचूळ बोअरचे क्षार काढायला हाच एक मार्ग. पण यंत्रातून पाणी चांगलं निघालं तरी जार आणि तोटी धुतलेली असतीलच असं नाही.

सुती कापडाचं एक मला आवडलेलं उदाहरण इथे सांगतो. बांगलादेशात मतलब नावाच्या भागात जुन्या साडीच्या अनेक पदरांतून पाणी गाळून पिणाऱ्या घरांत कॉलऱ्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं, असा अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या सूक्ष्म जीवांना चिकटलेले असतात, आणि ते जीव कापडात अडकतात. नवीन कापडापेक्षा वापरून मऊ झालेलं कापड जास्त चांगलं गाळतं, कारण त्याचे धागे सुटून छिद्रं बारीक होतात. कारखान्यात धाग्यांशी दिवस काढणाऱ्या मला हे लगेच पटलं. ताईंच्या आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा तेव्हापासून आमच्या सामानात आहे. तेवढ्याने पाणी पक्कं होत नाही. गाळ काढायला मात्र त्याच्यासारखं हलकं दुसरं काही नाही.

शेवटी ठरलं असं: ताई आणि मी फिल्टर वापरायचा, सर गोळ्या. दोन्ही एकत्र वापरावं असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. तो एक वेगळा पर्याय आहे असं आम्ही मोजलंच नव्हतं.

प्रत्यक्षात काय घडलं

पहिला दिवस चांगला गेला. कुडलला देवळाजवळ शेतमालकाला विचारून तंबू टाकले, बोअरचं पाणी घेतलं. दुसऱ्या दिवशी मंद्रूप सोडल्यावर माझ्या मागच्या चाकाची तार तुटली, फ्रीव्हीलच्या, म्हणजे साखळी बसते त्या दातेरी चक्राच्या बाजूची. ती बदलायला फ्रीव्हील काढावं लागतं, त्याचा पाना वाटेतल्या कुठल्याच दुकानात नव्हता. सरांनी काही न बोलता माझी एक पिशवी त्यांच्या कॅरिअरवर घेतली. चाक डुलत डुलत पुढे निघालं.

या खोळंब्यात दीड तास गेला आणि पाणीही गेलं. दुपारी मंगळवेढ्याच्या अलीकडे उजनीचा उजवा कालवा लागला. रब्बीचं आवर्तन, म्हणजे पिकांसाठी धरणातून पाणी सोडणं, चालू होतं, पाणी भरून वाहत होतं. वाहतं आहे, थंड आहे, गढूळही फार नाही. ताई आणि मी लुगड्यातून गाळून फिल्टरमधून पिळून चार लिटर घेतलं आणि तिथेच प्यायलो. सरांनी त्याच कालव्याचं पाणी गाळून गोळ्या टाकल्या, घड्याळ लावून अर्धा तास बसले. आम्ही त्यांना घाई करत होतो.

तिसऱ्या दिवशी पंढरपुरात दर्शन, जेवण, आणि संध्याकाळपर्यंत धरणाच्या मागच्या बाजूचा काठ. उजनीचं यशवंतसागर केवढं मोठं आहे हे नकाशावर कळत नाही. 1980 साली पूर्ण झालेलं, सुमारे 117 टीएमसीचं (अब्ज घनफुटांचं) धरण. काठावर रोहित पक्षी पाहिले, तंबूची जागा हेरली, आणि पाणी भरायला खाली उतरलो.

तिसरा निर्णय: हिरवं पाणी

काठाला हिरवट साय होती, रंग सांडल्यासारखी. कुजकट वास. मी फिल्टरची पिशवी काढली. सायीच्या पलीकडे, दोन पावलं आत जाऊन भरू, असा माझा विचार. ताईंनी पिशवी हातातून घेतली.

कारण त्यांनी तिथेच समजावलं. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा, इंद्रायणीतून भीमेत येतं आणि इथे साठतं. त्यातल्या नत्र-स्फुरदावर नील-हरित शेवाळ माजतं. त्यातल्या काही जाती यकृताला घातक विष सोडतात. फिल्टर शेवाळाच्या पेशी अडवेल, विष अडवणार नाही. उकळलं तर पेशी फुटून विष उलट पाण्यात उतरेल. क्लोरीनच्या गोळीचा भरवसा नाही. म्हणजे आमच्याकडचं एकही साधन या पाण्याला लागू नव्हतं.

तिघांत मिळून दीड लिटर पाणी उरलं होतं. उजेड तासाभराचा. पर्याय दोनच: पक्कं पाणी पुरवून पुरवून रात्र काढायची आणि सकाळी गाव गाठायचं, किंवा हेरलेली जागा सोडून अंधारात वस्ती शोधायची. साखर कारखान्यांचा हंगाम होता. अंधारात बिनदिव्यांच्या उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, आणि माझं चाक डुलत होतं. सरांनी मधला मार्ग काढला. मोठा रस्ता टाळून मोटारीच्या आवाजाच्या दिशेने रानातल्या वाटेने जायचं. जिथे मोटार चालू आहे तिथे पाणी आणि माणूस दोन्ही असणार. वीस मिनिटांत वस्ती सापडली. तिथल्या मावशींनी धरणाचं नाव काढताच मान हलवली. "ते पानी आमी जनावराला बी पाजत न्हाई, हिरवं झाल्यावर." त्यांनी बोअरचं पाणी दिलं, पिठलं केलं, आणि अंगणात तंबू टाकू दिला.

तंबूत पडल्यावर सर सहज म्हणाले, "अरे, काल कालव्यात जे प्यालात, ते इथलंच ना?"

मी गप्प झालो. उजव्या कालव्याचं पाणी उजनीतूनच सुटतं. घरच्या नळालाही आपल्याला उजनीचं पाणी येतं, पण ते पाकणीच्या केंद्रात तुरटी, वाळूचे थर आणि क्लोरीन यांतून येतं. वाहतं म्हणून कालव्याचं चांगलं आणि साचलेलं म्हणून धरणाचं वाईट, असा भेद मी केला होता. नकाशावर एक बोट फिरवलं असतं तर कळलं असतं.

आजारपण

पहाटे तीनला मला सुरू झालं, पाचला ताईंना. उलट्या, जुलाब. सर ठणठणीत. सकाळपर्यंत मला तापही चढला.

ताईंनी आजारी असताना तिथेच हिशेब मांडला. ओआरएसच्या चार पुड्या होत्या, एकेक लिटरच्या. त्या संपल्यावर काय? एक लिटर पक्क्या पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मावशींच्या घरात दोन्ही होतं. सायकल चालवायचा प्रश्न नव्हता. वस्तीवर थांबायचं की हलायचं, हा प्रश्न होता. सरांना थांबायचं होतं. ताईंनी हलायचं म्हटलं, कारण मला ताप होता आणि ताप किंवा शौचात रक्त दिसलं तर डॉक्टर जवळ हवा. वस्तीवरच्या ओळखीने पिकअप मिळाली. तिन्ही सायकली टाकून कुर्डूवाडी गाठली, लॉजमध्ये खोली घेतली. डॉक्टरांनी तपासून औषध दिलं. ताई दीड दिवसात उभ्या राहिल्या, मला तीन दिवस लागले. परतीचा प्रवास पिकअपनेच झाला.

कारणाचा शोध

घरी आल्यावर आठवड्याने तिघं बसलो आणि कुणी काय, कधी, कुठे खाल्लं-प्यायलं हे वहीत लिहिलं. ताई याबाबत फार काटेकोर आहेत. कुडलचं बोअर तिघांनी घेतलं. मंगळवेढ्याला रात्री जारचं पाणी तिघांनी. फक्त ताई आणि मी घेतलेल्या गोष्टी तीन निघाल्या.

पहिली, कालव्याचं फिल्टर केलेलं पाणी. विषाणू फिल्टरमधून जातात, क्लोरीनने मरतात. सर बचावले याच्याशी ते जुळतं. वेळही जुळते, दुपारपासून दुसऱ्या रात्रीच्या पहाटेपर्यंत साधारण चाळीस तास.

दुसरी, थेंब. कच्च्या पाण्याची पिशवी पिळताना तिच्या बाहेरून निथळणारं पाणी माझ्या बाटलीच्या आट्यांवर पडत होतं. त्याच तोंडाने आम्ही दोघं प्यायलो. असं असेल तर फिल्टरने काम चोख केलं आणि माझ्या हाताने ते वाया घालवलं.

तिसरी, पंढरपुरातलं लिंबू सरबत, बर्फ घालून. सरांनी एकादशी नसतानाही चहाच घेतला होता.

शेवाळाचं विष हे चौथं कारण असू शकतं का, हेही बोललो. पण सरांनी तेच कालव्याचं पाणी घेतलं होतं, आणि विषाबाबत गोळीचा भरवसा नव्हता. ते असतं तर सरांनाही काही व्हायला हवं होतं.

पहिल्या तिन्हींतलं खरं कारण कोणतं, हे ठरवायला एक गोष्ट लागली असती: कुर्डूवाडीत शौचाची तपासणी. ताईंच्या मनात आली होती, पण आम्ही दोघं थकलो होतो, मला घरी जायचं होतं, राहून गेलं. ती करायला हवी होती. एकच कारण पकडता आलं नाही, म्हणून आम्ही तिन्ही वाटा बंद करायचं ठरवलं.

जानेवारीत काय बदललं

सोलापुरातली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा संपल्यावर तीन दिवसांची फेरी काढली: सोलापूर, नळदुर्ग, तुळजापूर, सोलापूर. मुद्दाम छोटी, आणि मोठ्या गावांपासून लांब न जाणारी.

वजन पाणी सोडून माझं 9.1 किलो, ताईंचं 7.4, सरांचं 7.9. माझे वाचलेले साडेआठ किलो कुठून आले ते मोजकंच सांगतो. स्टोव्ह गेला. स्लीपिंग बॅग गेली, चादर राहिली. पावसाच्या कापडाऐवजी पातळ प्लास्टिकचा तुकडा. तीन पंप, तीन पाने यांऐवजी एकच संच, पण त्यात माझ्या फ्रीव्हीलचा पाना आणि चार सुट्या तारा. आणि कपड्यांचे दोन जोड कमी. सर्वांत जास्त वजन महागड्या वस्तू विकत घेऊन कमी झालं नाही, घरी ठेवून कमी झालं. माझ्या मते नवशिक्याने पहिल्या फेरीआधी काहीच विकत घेऊ नये. तळ असलेला जाळीचा तंबू सोडून.

पाण्यासाठी सरांनी निघण्याआधी यादी केली. प्रत्येक पंधरा-वीस किलोमीटरला एक ठिकाण: एटीएम, पेट्रोल पंप, मंदिराची टाकी, ओळखीची वस्ती. प्रत्येकापुढे पाणी कुठून येतं ते. बोअर, विहीर, योजना, की कालवा. जिथे दोन ठिकाणांत अंतर जास्त, तिथेच चार लिटर भरायचं, बाकी दोन. उघडं पाणी, म्हणजे नदी, तलाव, कालवा, अगदी नाइलाज झाला तरच. हिरवं किंवा वास येणारं कधीच नाही. घेतलंच तर लुगड्यातून गाळायचं, मग फिल्टर, मग गोळी आणि अर्धा तास, दोन्ही एकानंतर एक. कच्च्या बाटलीला लाल रबर, ती फक्त एकाच्याच सायकलवर. पिशवी पिळण्याआधी बाहेरून पुसायची, पिळून झाल्यावर साबणाने हात. बर्फ नाही.

तरी एक चूक झालीच. नळदुर्गच्या पुढे मी बाटलीत गोळी टाकली आणि वास मारावा म्हणून लगेच लिंबू पिळलं, साखर-मीठही घातलं. ताईंनी बाटली ओतून द्यायला लावली. "क्लोरीन आधी त्या लिंबाशीच झुंजत बसेल, जंतूंसाठी काय उरणार?" लिंबातलं क जीवनसत्त्व क्लोरीनला निष्प्रभ करतं. अर्ध्या तासानंतर पिळलं तर तो फायदाच आहे, वास जातो. आधी पिळलं तर गोळी टाकून न टाकल्यासारखी. आता गोळीच्या पाकिटावर मी पेनने लिहून ठेवलं आहे: आधी घड्याळ, मग लिंबू.

तीन दिवसांत कुणी आजारी पडलं नाही. एवढ्यावरून आमची पद्धत सिद्ध झाली असं म्हणता येणार नाही, कारण उघड्या पाण्याची वेळच आली नाही. सरांच्या यादीमुळे ती आली नाही, एवढं मात्र मी खात्रीने म्हणेन.

पुन्हा करायचं झालं तर

कालव्यापर्यंत पोहोचायला दीड तासाचा उशीर झाला नसता तर आम्ही मंगळवेढ्यापर्यंत तहान काढली असती. तो उशीर तुटलेल्या तारेमुळे, आणि तार 17.6 किलोंमुळे. म्हणून मी आता गटात कुणी पाण्याबद्दल विचारलं तर आधी सामान काट्यावर ठेवायला सांगतो. काही जणांना ते विषयांतर वाटतं.

तार तुटली तेव्हाच माझं निम्मं सामान मंद्रूपहून एसटीने घरी पाठवता आलं असतं. ते सुचलं नाही, कारण विकत घेतलेल्या वस्तू सोडवत नव्हत्या.

पुढची फेरी विजापूर-बदामीची आहे. सरांनी पाण्याची यादी सुरू केली आहे. टाकळीच्या भीमेच्या पुलापर्यंत ती भरली आहे. तिथून झळकीपर्यंतचे रकाने रिकामे आहेत, म्हणून येत्या रविवारी ताई आणि मी मोटारसायकलवरून तेवढा रस्ता पाहून येणार आहोत.